धाकल्याची पाटी

वादी अदाईच्या चौकातून अमरातकडे जाणारा चढ सुरू होण्याआधी उजव्या हाताला दुकानांची एक रांग आहे. एक लॉन्ड्री, एक मल्याळी चहावाला, एक मोबाइल दुरुस्तीवाला आणि शेवटी ‘वॉन टेलर्स’. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे ही पाटी नव्हती. तेव्हा नुसतंच ‘हुसैन टेलरिंग’ होतं आणि त्यातली निम्मी अक्षरं उन्हाने खाल्ली होती. ही नवी पाटी कशी लागली आणि ती लावणाऱ्याचं पुढे काय झालं, हे सांगणारा माझ्याशिवाय मस्कतमध्ये आता कोणी उरलेला नाही. म्हणून लिहायला बसलो.

माझं उभं आयुष्य नाटक कंपन्यांबरोबर गावोगाव हिंडण्यात गेलं. नायक कधी झालो नाही. नायकाचा मित्र झालो, मामा झालो, एकदा तर एकाच नाटकात हवालदार आणि भटजी दोन्ही झालो. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर मुलाने मला इथे आणलं. अल् घुब्रामध्ये त्याचा भाड्याचा फ्लॅट आहे. दिवसभर घरात मी आणि एसी, दोघेच बडबडत असतो. २०११ च्या गणपतीत इथल्या मंडळाला कळलं की एक जुना नट गावात आलाय, आणि त्यांनी एक ऐतिहासिक नाटक माझ्या गळ्यात घातलं. नाटक म्हटलं की अंगरखे आले. माझी सून पूर्वा म्हणाली, “बाबा, वादी अदाईला रत्नागिरीकडचे एक टेलर आहेत. मराठी बोलतात. तुमचं तुम्हीच समजावून सांगा, मला ते बाराबंदी वगैरे काही कळत नाही.”

दुकान अरुंद होतं. दारातच कापायचं मोठं टेबल आणि टेबलामागे हुसैनमियाँ उभे. गोरेपान, मेंदीने रंगवलेली दाढी, गळ्यात टेप. मागे तीन मशीन. त्यांतल्या सगळ्यात आतल्या मशीनवर, एसीचं पाणी ज्या बादलीत ठिबकायचं त्या बादलीशेजारी, उस्मान बसलेला. हुसैनमियाँचा सख्खा धाकटा भाऊ. तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, काळासावळा, बारीक अंगाचा. मान सदा खाली. मी माझा अंगरखा हातवारे करून समजावत होतो. हुसैनमियाँ ‘हो हो’ म्हणत होते. मागचं मशीन तेवढं मध्येच थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं.

“धाकल्या, साहेबांचा माप घे,” हुसैनमियाँ म्हणाले.

उस्मान आला. माप घेताना त्याने मला एकच गोष्ट विचारली, की तलवार कुठल्या हातात धरणार. मी म्हटलं, उजव्या. तो म्हणाला, “मग उजवा खांदा थोडा सैल लागंल. हात वर गेला की पाठ खेचते.” साऱ्या कारकिर्दीत कुठल्याही कपडेपटवाल्याने मला हा प्रश्न विचारला नव्हता. आमच्या कंपनीत तलवार उपसली की काखेत शिवण उसवायची आणि आम्ही तसेच शत्रूवर तुटून पडायचो.

पुढे मंडळाच्या निमित्ताने, आणि नंतर निमित्ताशिवायही, मी तिथे जाऊन बसू लागलो. मुलगा ऑफिसला जाताना सोडायचा, येताना न्यायचा. शिलाईच्या धंद्याची एक रीत मला तिथे कळली. कापणारा तो मास्टर, शिवणारा तो कारागीर. मास्टरची कात्री टेबलाच्या वर भिंतीतल्या खिळ्याला टांगलेली असते आणि तिला दुसरा कोणी हात लावत नाही. कापड सोडून दुसरं काही तिच्याखाली जात नाही, कागदसुद्धा नाही. हुसैनमियाँची कात्री जुनी, लोखंडी, मुठीला झिजून चमक आलेली. मुंबईला डोंगरीत त्यांच्या उस्तादाने ती त्यांच्या हातात दिली होती. ही कात्री विकत घेत नाहीत आणि खिळ्यावरून काढूनही घेत नाहीत. मास्टर टेबल सोडताना ज्याच्या हातात देतो, त्याचं टेबल. लिहिणं नाही, सही नाही. हातातून हातात, एवढंच.

आणि हुसैनमियाँनी वर्षानुवर्षं सगळ्यांसमोर सांगितलं होतं की माझ्यामागे टेबल धाकल्याचं.

उस्मानने सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर काढलं होतं. भावाने त्याला विशीत इकडे आणलं, व्हिसा भावाने केला, मशीन भावाने दिलं. तेव्हापासून हुसैनमियाँ कापायचे आणि उस्मान शिवायचा; म्हणजे खरं तर हुसैनमियाँचं कापणं चुकलेलं असलं की उस्मान शिवताना गुपचूप सावरायचा, आणि गिऱ्हाईक हुसैनमियाँचा हात हातात घेऊन ‘माशाल्ला’ म्हणायचं. मला हे नाटकातून ओळखीचं होतं. मुख्य नट वाक्य विसरला की सोबतचा आपल्या वाक्यात त्याचं वाक्य मिसळून वेळ मारून नेतो, आणि टाळी मुख्य नटाला पडते. पण आमच्याकडे निदान जाहिरातीत सगळ्यांची नावं असायची. उस्मानचं नाव कुठेच नव्हतं. गिऱ्हाईकांना तो ‘हुसैनका भाई’ होता, कारागिरांना ‘छोटेभाय’ आणि घरच्यांना धाकला. लांजा तालुक्यातल्या त्यांच्या गावात म्हणे पोस्टमनलासुद्धा ‘उस्मान’ म्हटलं तर कळायचं नाही.

तिथेच एक वॉनसाहेब यायचे. वेल्सकडचे इंजिनियर. ओमानात पाण्याच्या लायनी टाकण्यात म्हातारे झालेले, उंच, हाडकुळे, टोमॅटोसारखे लाल. कधीकाळी कुठल्या तरी खड्ड्यात पडून त्यांचा डावा खांदा खाली आला होता, आणि त्या खांद्यावर कोट बसवणं उस्मानशिवाय कोणाला जमत नव्हतं. हिंदी मोडकंतोडकं बोलायचे, पण न लाजता.

एकदा मी स्टुलावर बसलेलो असताना त्यांच्या कोटाची ट्रायल चालली होती. हुसैनमियाँनी टेबलामागूनच हुकूम सोडला, “धाकल्या, कॉलर बघ.” साहेबांनी आरशातून विचारलं, “धाकला मतलब?”

“छोटा, साहब,” हुसैनमियाँ म्हणाले. “छोटा भाई.”

“इसका नाम उस्मान नहीं है?”

“है ना साहब. पासपोर्टपर.”

कारागीर हसले. वॉनसाहेब मात्र टाचण्या लावलेल्या कोटासकट गर्रकन वळले आणि उस्मानकडे बघू लागले, जणू रेल्वे स्टेशनवर गाववाला भेटावा. मग त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते असं. त्यांच्या वेल्समध्ये पूर्वी आडनावं नसायची. अमक्याचा मुलगा तमका, एवढंच चालायचं. पण बापाचं आणि मुलाचं नाव एकच असलं, किंवा एकाच घरात एका नावाचे दोघे निघाले, की लहानग्याच्या नावानंतर एक शब्द जोडायचे. त्या शब्दाचा अर्थ लहान, धाकटा. पुढे सरकारी कारकून आले, त्यांना तो शब्द उच्चारता येईना, तेव्हा त्यांनी तो आपल्या जिभेला झेपेल तसा लिहून घेतला आणि त्याचं वॉन झालं. मग त्या धाकट्याचा मुलगा वॉन, त्याचा मुलगाही वॉन, मग तो घरात सगळ्यांत थोरला का असेना. आता तर इंग्रज लोक पोराचं पहिलं नावसुद्धा वॉन ठेवतात. ऐकायला छान वाटतं म्हणून. अर्थ कोणाला ठाऊक नसतो.

“मी सव्वासहा फूट,” साहेब म्हणाले, “आणि माझं आडनाव धाकला.”

मी विचारलं की मग थोरल्यासाठी काय शब्द होता. साहेब म्हणाले, “थोरल्याला कशाला शब्द हवा? नाव त्याचंच असायचं.” मग कोटाच्या बाहीकडे बघत म्हणाले, “पण टिकलं धाकट्याचं.”

हुसैनमियाँ खूश झाले. म्हणाले की मग आमचा धाकला तर तुमचा भाऊबंद निघाला, शिलाईत काही सवलत द्यायला हवी. सगळे हसले. उस्मान हसला नाही, कारण त्याच्या तोंडात टाचण्या होत्या. पण त्या दिवसापासून साहेब दुकानात शिरले की टेबल ओलांडून थेट मागे बघायचे आणि म्हणायचे, “सलाम, मिस्टर वॉन.” आणि तो सबंध दिवस मान खाली घालणारा माणूस मशीनवरून उठून उभा राहायचा आणि उलट म्हणायचा, “सलाम, मिस्टर वॉन.” मला तर वाटतं, त्याला मिस्टर म्हणणारा तो जगातला एकच माणूस होता.

साहेब २०१३ मध्ये कायमचे त्यांच्या देशी गेले. जाताना उस्मानला स्वतःचं कार्ड देऊन गेले. त्यावर ठसठशीत नाव होतं.

दुसऱ्या वर्षी हुसैनमियाँच्या किडन्या बिघडल्या. उपचारासाठी ते गावी निघाले. निघायच्या सकाळी मी दुकानात होतो. उस्मान टेबलाजवळ उभा होता, हात पुसून, नवरदेवासारखा. हुसैनमियाँनी सगळ्यांची गळाभेट घेतली. धाकल्याच्या पाठीवर थोपटलं. “दुकान बघ,” म्हणाले. “येतो.” आणि टॅक्सीत बसले. कात्री खिळ्यावरच होती.

त्यावर आम्ही किती चर्चा केली असेल. उस्मानचं म्हणणं, भाय परत येणार म्हणून ठेवली. त्याच्या बायकोचं, मेहनाजचं, म्हणणं वेगळं होतं. ती गावी असायची आणि फोनवर सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायची.

“कात्री दिली काय हातात?”

“नाय.”

“मग टेबल तुजा कसा?”

“भाय बोललाय ना.”

“भाय काय, बोलतोच हाय. आमचा लगीन झाला तवापासून बोलतोय. तू शिवत ऱ्हा.”

तरीही ती दोन वर्षं उस्मानच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तो टेबलाशी उभा राहू लागला. रुवीच्या बाजारातून त्याने स्वतःसाठी एक साधी कात्री आणली आणि तिनेच कापू लागला. भावाची कात्री तो शुक्रवारी खिळ्यावरून काढायचा, तेलाचं फडकं फिरवायचा आणि परत टांगायचा. कापायला कधी घेतली नाही. दुकान मात्र वाढलं. घुब्रातल्या, रुवीतल्या शाळांचे युनिफॉर्म येऊ लागले. पूर्वाच्या मैत्रिणींनीही मुलांची मापं तिथे दिली.

त्याच सुमारास इमारतीच्या मालकाने सगळ्या दुकानांना एकसारख्या नव्या पाट्या करायला सांगितल्या. एके दिवशी उस्मानचा फोन आला, “काका, जरा येऊन जावा.” मी गेलो. तो मला हाताला धरून रस्त्याच्या पलीकडे घेऊन गेला आणि म्हणाला, “आता बगा.”

वर अरबी, खाली इंग्रजी, निळ्यावर पांढरं: वॉन टेलर्स.

मी म्हटलं, “साहेबांचं नाव दिलंस होय?”

“साहेबाचा नाय काका,” तो म्हणाला. “माजा.”

एवढंच म्हणाला आणि लगेच आजूबाजूला पाहिलं. फोनवर हुसैनमियाँना त्याने सांगितलं की साहेबाचं नाव दिलंय, गोऱ्या गिऱ्हाईकांना बरं वाटेल. आणि हुसैनमियाँना ते पटलं. साहेबांनी सांगितलेला अर्थ ते केव्हाच विसरले होते. उघडपणे स्वतःचं नाव लावलं असतं तर गावात बोभाटा झाला असता, की भाऊ आजारी पडला आणि धाकल्याने पाटी बदलली. म्हणून या माणसाने स्वतःचं नाव एका परक्या देशाच्या भाषेत लावलं. रस्त्यापलीकडे उभा राहून तो ते वाचत होता. मी आयुष्यात पुष्कळ नट पाहिले ज्यांनी पहिल्यांदा जाहिरातीत आपलं नाव पाहिलं. तोच चेहरा.

मग आली ती वेळ, जी त्याने घालवली.

इथे दुकानाचा परवाना ओमानी माणसाच्या नावावर असतो. त्याला सगळे अर्बाब म्हणतात. परदेशी माणूस त्याच्याशी करार करतो आणि दुकान चालवतो. हा करार हुसैनमियाँच्या नावावर होता. अर्बाब म्हातारा होता, सज्जन होता, आठवड्यातून एकदा दुकानात येऊन चहा प्यायचा. २०१५ मध्ये तो उस्मानला आपणहून म्हणाला की हुसैन आता काही परत येत नाही, तू चांगला माणूस आहेस, दुकान तू चालवतोस, कागद तुझ्या नावाने करू. यल्ला, उद्याच करू.

उस्मानने त्याला सांगितलं, भावाला विचारून सांगतो.

आणि विचारलंच नाही. मला हे कळलं तेव्हा मी चिडलो. मी म्हटलं, अरे, चालून आलेली गोष्ट आहे. करून टाक कागद. भाऊ काय म्हणणार आहे? इतकी वर्षं तोच तर सांगतोय.

उस्मान खिळ्याकडे बघत म्हणाला, “भाय जिवंत हाय, काका. जित्या माणसाच्या हातातली कात्री कशी काढून घेऊ?”

“ती त्याच्या हातात नाही. खिळ्यावर आहे.”

“एकच हाय ता.”

अर्बाबने पुन्हा दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उस्मान ‘इन्शाल्ला’ म्हणाला. मग अर्बाबने विचारणं सोडून दिलं. आता लिहितानासुद्धा मला त्याचा राग येतो. मग वाटतं, राग कोणावर करायचा? त्याला जन्मभर हेच शिकवलं होतं की धाकल्याने मागायचं नसतं, थोरला देतो. तो नुसता वाट बघत राहिला, विंगेत उभ्या असलेल्या नटासारखा, की आपलं नाव घेतलं जाईल आणि मग आपण आत जाऊ.

२०१६ च्या मार्चमध्ये हुसैनमियाँ गेले. इथल्या भारतीय शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, दुकानात युनिफॉर्मचे ढीग लागले होते, पालकांना तारखा दिलेल्या होत्या. उस्मान मय्यतीला जाऊ शकला नाही. मी भेटायला गेलो तर तो शर्टांना बाह्या बसवत होता. डोळे सुजलेले होते. म्हणाला की भायनेच शिकवलंय, तारीख दिली म्हणजे दिली. गावी हुसैनमियाँचा मुलगा साकिब गेला होता. हा साकिब इथलाच, माबेलाला राहणारा. इथल्याच शाळेत शिकलेला, एका मोठ्या मॉलमध्ये नोकरी करणारा, गुळगुळीत दाढी, गोड बोलणारा. मराठी बोलताना अडखळायचा आणि मग हसून इंग्रजीवर जायचा. दुकानात मी त्याला क्वचितच पाहिलं असेल. सुईत दोरा ओवताना तर कधीच नाही.

धाकला इकडे मशीनवर असताना गावी हुसैनमियाँच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला, आणि त्या दिवशी जेवणं आटोपल्यावर घरातल्या लोकांनी ठरवलं की दुकान साकिब बघेल. मुलगा आहे, शिकलेला आहे, त्याचा हक्क आहे. मेहनाज बोलायला उठली तेव्हा तिला सांगण्यात आलं की बायकांनी यात पडू नये, आणि धाकल्याला विचारू की, तो कुठे नाही म्हणणार आहे. हे मला तिनेच नंतर फोनवर सांगितलं. तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदाच हळू होता.

साकिब परत आला आणि अर्बाबकडे गेला. कागद झाले. अर्बाब नंतर उस्मानला म्हणाला म्हणे, की मी तुझी वाट पाहिली.

साकिबने वाईट वागणूक दिली असं मी म्हणणार नाही. तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. तो अत्यंत अदबीने बोलला. चाचा, आता कोणी शिवून घेत नाही. रेडिमेड युनिफॉर्म बाहेरून बनून येतात, स्वस्त पडतात, आपण फक्त कलेक्शन सेंटर ठेवायचं. मशीन काढून टाकू. तुमचंही वय झालं, व्हिसा पुन्हा करण्यात काही अर्थ नाही, गावी जाऊन आराम करा. पाटीबद्दल उस्मानने विचारलं तेव्हा तो म्हणाला, “पाटी राहू दे ना चाचा. नेम मस्त आहे. ब्रँड झालाय आता.”

उस्मानला निरोप द्यायला त्याने दुकानात छोटा कार्यक्रम ठेवला. बिर्याणी मागवली. आजूबाजूचे दुकानदार, जुनी गिऱ्हाइकं, कारागीर सगळे आले. मला म्हणाला, “अंकल, तुम्ही स्टेजवरचे, दोन शब्द बोला.” मी आयुष्यात राजासमोर, सरदारांसमोर, कीर्तनकाराच्या वेषातसुद्धा बोललोय. त्या दिवशी मला दोन वाक्यं जुळवता येईनात. मी काहीतरी बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना मी नेहमी छान बोलतो असंच वाटतं.

मग साकिबने सोनेरी कागदात गुंडाळलेली एक वस्तू आणली आणि दोन्ही हातांनी चाचाच्या हातात दिली. फोटो काढायला मोबाइल वर गेले. उस्मानने कागद सोडवला. आत हुसैनमियाँची कात्री होती.

मी खिळ्याकडे पाहिलं. रिकामा होता. इतके दिवस मी तिथेच बघत आलो होतो, आणि नेमकं त्या दिवशी आल्यापासून मी वर पाहिलंच नव्हतं.

उस्मानने कात्री उघडली, पात्यावरून अंगठा फिरवला, पात्याला चिकटलेला सोनेरी कागदाचा कपटा नखाने काढला. मग साकिबला हळूच विचारलं. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

“भायनं सांगितला व्हता काय, मना द्यायला?”

साकिब गोंधळला. “अब्बांचीच आहे ना, चाचा.”

“ता मना ठाव हाय. त्यानं सांगितला व्हता काय?”

साकिबने प्रामाणिकपणे सांगितलं. खोटं बोलला असता तर त्याचं काही बिघडलं नसतं. “नाही चाचा. अब्बा काही बोलले नव्हते. मीच देतोय. मेमरी म्हणून.”

“बरा,” उस्मान म्हणाला.

त्याने कात्री मिटली. शेजारच्या लॉन्ड्रीवाल्याने त्याच्या खांद्यावर शाल टाकली. मग सगळे बिर्याणी जेवले, आणि उस्मानने सगळ्यांना आग्रह कर-करून वाढलं, यजमान असल्यासारखं.

जी गोष्ट हातातून हातात यावी म्हणून त्याने अर्बाबला परत पाठवलं, ती अशी आली. टेबल गेलं आणि मग कात्री आली. मला त्यानंतर कितीतरी दिवस ‘आठवण’ हा शब्द नकोसा झाला होता.

तो गेल्यावर मी त्या रांगेकडे फिरकलो नाही. पण २०१८ मध्ये नातवाच्या शाळेचे युनिफॉर्म घ्यायला पूर्वाबरोबर जावं लागलं. मशीन नव्हती. टेबलाच्या जागी काचेचा काउंटर. कपाटात साइझप्रमाणे पिशव्या. टेबल गेलं, तरी भिंतीवरचा तो खिळा तसाच होता, त्यावर साकिबने गाडीची किल्ली टांगली होती. तो उठून उभा राहिला, मला खुर्ची दिली, ज्यूस मागवला. ‘अंकल, तब्येत कशी?’ मुलगा खरंच चांगला आहे.

तेवढ्यात एक गोरी बाई आत आली. हातात तिच्या मुलाची पँट, कंबर सैल पडतेय म्हणत होती. तिने काउंटरवरचं कार्ड उचललं, वाचलं आणि साकिबकडे बघून विचारलं, “मिस्टर वॉन?”

“यस, मॅडम,” साकिब म्हणाला.

त्याने चूक सुधारली नाही. त्याला ती चूक वाटलीच नसेल. मी ज्यूस तसाच ठेवून बाहेर येऊन गाडीजवळ उभा राहिलो. पूर्वाला वाटलं मला चक्कर आली.

त्या आठवड्यात मी उस्मानला फोन केला. तो गावी असतो. शिवण करत नाही. मेहनाज म्हणते, शेजारच्या बायका परकर-पोलकी घेऊन येतात तर हा त्यांना परत पाठवतो. कात्री कपाटात आहे, सोनेरी कागद मेहनाजने फेकून दिला. आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो, आंब्याला मोहोर कमी आलाय त्याबद्दल बोललो. दुकानात काय पाहिलं ते मी सांगितलं नाही. नातवाचे कपडे घ्यायला गेलो होतो, एवढंच म्हणालो.

नातू कितवीत आहे, ते त्याने विचारलं. मग म्हणाला, “पाटी हाय काय अजून?”

मला वाटलं, निदान एवढं तरी त्याला देता येईल. मी म्हटलं, “आहे रे. जशीच्या तशी आहे. तू लावली होतीस तशीच.”



“उतरवली असती तर बरा झाला असता, काका,” उस्मान म्हणाला.